खान्देशातून स्पॅनिश शिकायला निघताना

बारावीचे पेपर संपले की मला फोन यायला लागतात. कधी शहाद्याहून, कधी पारोळ्याहून, कधी थेट माझ्या अमळनेरातून. "ताई, पोरीला स्पॅनिशला घालायचंय. क्लास कुठला चांगला?" मी आधी विचारते, क्लास हवाय, सर्टिफिकेट हवंय की पदवी? पलीकडे बहुतेक वेळा शांतता पसरते. या तीन वेगळ्या वाटा आहेत आणि तिन्हींना लागणारा वेळ, पैसा आणि मन वेगळं आहे. मी स्वतः पदवीच्या वाटेने गेले, आज स्पॅनिश शिकवते. म्हणून हा लेख पदवीचा विचार करणाऱ्यांसाठी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या मुलामुलींना आणि त्यांच्या घरच्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय.

पहिली पायरी : आपण नक्की काय शिकायला चाललोय?

क्लासमध्ये बोलायला शिकवतात. पदवीत बोलणं हा पाया असतो आणि इमारत त्याच्यावर उभी राहते. पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण भाषेचं असतं. रोज तास, रोज गृहपाठ, दर थोड्या दिवसांनी चाचणी. दुसऱ्या वर्षापासून स्पेनचा आणि लॅटिन अमेरिकेचा इतिहास, साहित्य, ध्वनिशास्त्र, भाषांतर असे विषय सुरू होतात आणि तेही हळूहळू स्पॅनिशमधूनच. निबंध स्पॅनिशमध्ये, तोंडी परीक्षा स्पॅनिशमध्ये. पहिल्या वर्षी "माझं नाव अमुक" म्हणायला शिकलेली मुलगी तिसऱ्या वर्षी चारशे वर्षांपूर्वीच्या कवितेवर लिहिते. हे जमतं, पण रोजचा अभ्यास चुकवून जमत नाही.

आणि हो, बी.ए.ला प्रवेश घेताना स्पॅनिशचा एक शब्दही येत नसला तरी चालतं. अभ्यासक्रम शून्यापासून सुरू होतो. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे आपल्याकडची कितीतरी मुलं अर्जच भरत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

ही भाषा वीस देशांची राजभाषा आहे. स्पेन, मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतचे अमेरिका खंडातले अठरा देश आणि आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनी. शिवाय अमेरिकेच्या अखत्यारीतलं पोर्तो रिको बेट. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी ती एक आहे. म्हणजे "स्पॅनिश संस्कृती" अशी एकच एक वस्तू नाही. तुम्ही एका देशाचा नाही, वीस देशांचा अभ्यास करायला चाललाय, एवढं घरच्यांना सांगून ठेवा.

दुसरी पायरी : अर्जाआधी तीन महिने, घरी बसून, मराठीतून

या पायरीवर मी सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे, कारण आपली मुलं चुकतात ती इथेच. स्पॅनिश शिकायला आधी इंग्रजी फर्डं हवं, असं त्यांना वाटतं. अभ्यासाची पुस्तकं आणि वर्गातलं समजावणं बरंचसं इंग्रजीतून असतं, त्यामुळे कामापुरतं इंग्रजी लागतंच. पण डोक्यात स्पॅनिश बसवायचं असेल तर ते मराठीवर बसवा. इंग्रजीवर बसवलेलं डगमगतं.

एक वाक्य जवळून बघू. "मला केळं आवडतं." स्पॅनिशमध्ये हे होतं, "मे गुस्ता एल प्लातानो." आता केळी अनेक करा. "मला केळी आवडतात." तिकडे, "मे गुस्तान लोस प्लातानोस." बघा, 'मे' म्हणजे 'मला'. क्रियापद माझ्याप्रमाणे बदलत नाही, केळ्याप्रमाणे बदलतं. एक केळं तर गुस्ता, अनेक केळी तर गुस्तान. इंग्रजीच्या आधाराने शिकणाऱ्या मुलांना ही रचना समजायला आठवडे लागतात, कारण तिथे आवडणारा माणूस कर्ता असतो. आपल्याकडे पाच वर्षांचं पोरही हे वाक्य अचूक बोलतं. माझ्या वर्गात हे शिकवलं त्या दिवशी दिल्लीच्या मोठ्या शाळांतून आलेली मुलं गोंधळली होती आणि मी वहीत एका ओळीत लिहिलं, "अगदी आपल्यासारखं." त्या दिवसापासून माझी भीती गेली.

"मला पाय दुखतात" हेही तसंच, "मे दुएलेन लास पिएर्नास." कर्ता गाळणंही आपल्यासारखंच. आपण "येतो हं" म्हणतो, "मी येतो" म्हणत नाही. स्पॅनिश माणूसही सर्वनाम गाळतो, कारण क्रियापदावरून कोण ते कळतं. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. पांढरा, पांढरी. ब्लांको, ब्लांका. त्यांना दोनच लिंगं, आपल्याला तीन. इच्छा सांगताना आपण "तू यावंस असं मला वाटतं" म्हणतो. हे 'यावंस' म्हणजे त्यांच्या "किएरो के बेंगास"मधलं 'बेंगास'. क्रियापदाचा हा वेगळा रूपसंच पुढे दुसऱ्या वर्षी सगळ्यांना रडवतो. तो आला की आपला विध्यर्थ आठवा.

अहिराणी बोलणाऱ्यांसाठी तर आणखी एक गंमत आहे. आपण म्हणतो, "तो काय करी राहिना? जेवी राहिना." स्पॅनिशमध्ये, "एस्ता कोमिएन्दो." चालू असलेली क्रिया सांगायला त्यांनी 'एस्तार' हे क्रियापद वापरलं. ते लॅटिनमधल्या 'उभं राहणे' या अर्थाच्या शब्दातून आलं आणि आपल्या संस्कृतातल्या 'स्था' धातूशी त्याचं जवळचं नातं आहे. आपण 'राहिना' वापरलं. एकाने उभं राहून सांगितलं, दुसऱ्याने नुसतं राहून. शाळेत अहिराणी बोललं की ओरडा खाल्लेल्या मुलांना मी मुद्दाम हे उदाहरण सांगते. तुमची घरची बोली अभ्यासात कामाला येते, ती लपवू नका.

आता जिथे मराठी दगा देते त्या जागा. आपल्या भूतकाळात "मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली" असं क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे 'कोमी'. तसंच 'गेलो' आणि 'गेले' असा बोलणाऱ्याच्या लिंगाचा फरक तिथे नाही, दोघांचंही 'फुइ'. "भूक लागली" हे तिकडे "भूक आहे माझ्याकडे" अशा धाटणीने बोलतात, "तेंगो आंब्रे". 'आहे' या आपल्या एका शब्दाला त्यांच्याकडे दोन शब्द आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. ढोबळमानाने, माणूस कोण आणि कसा आहे ते पहिल्याने, कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहे ते दुसऱ्याने. आणि नामांचं लिंग आपल्या भाषेवरून ठरवायला जाऊ नका. आपला चंद्र पुल्लिंगी, त्यांची 'ला लुना' स्त्रीलिंगी. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा 'ला मानो' स्त्रीलिंगी, शेवटी ओ असूनही.

उच्चारांत आपण सुरुवातीपासूनच पुढे असतो, पण एका अटीवर. स्पॅनिशचे त आणि द आपल्या त-द सारखे दातांवरचे आहेत. इंग्रजीच्या सवयीने ट-ड करू नका. 'तोमाते' म्हणा, 'टोमाटे' नाही. श्वास सोडून म्हटलेले ख, घ, थ, फ त्यांच्याकडे नाहीत, मात्र एक घशातून घासत येणारा ख आहे, 'ख़बर' म्हणताना उर्दू बोलणारा काढतो तसा. त्यांच्या सत्तावीस अक्षरांत एका अक्षरावर नागमोडी रेघ असते, त्याचा उच्चार आपला ञ, म्हणून 'एस्पान्या', म्हणजे स्पेन. त्यांच्या ह चा उच्चारच होत नाही. व आणि ब एकच. आणि र् दोनदा आला की जीभ थरथरवायची. 'पेरो' म्हणजे 'पण', 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. बैलांना हाकताना र्र्र करणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

या तीन महिन्यांत करायचं काय? एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर तीन रकाने आखा, स्पॅनिश, मराठी, घरची बोली. घरी अहिराणी असेल तर अहिराणी, नसेल तर लेवा बोली, भिल्ली, पावरी, जी असेल ती. रोज दहा शब्द आणि तीन वाक्यं. मोबाइलमध्ये स्पॅनिश कीबोर्ड टाकून घ्या. स्पेनच्या सरकारी आकाशवाणीच्या बातम्या इंटरनेटवर फुकट ऐकता येतात. काही कळलं नाही तरी रोज दहा मिनिटं कानावर पडू द्या. स्पॅनिश अकादमीचा शब्दकोशही इंटरनेटवर मोफत आहे. ही अकादमी १७१३ साली स्थापन झाली आणि आजही शब्दाचा अर्थ शेवटी तिथेच बघायचा असतो. तीन महिन्यांनी वही अर्धी भरली असेल आणि अजून उघडावीशी वाटत असेल, तर अर्ज भरा. वही दहाव्या पानावर थांबली असेल तर घरच्यांशी मोकळं बोला. त्यात कमीपणा काही नाही. वर्ष वाया जाण्यापेक्षा हे बरं.

तिसरी पायरी : कुठे जायचं

पूर्ण पदवीसाठी दिल्लीत तीन ठिकाणं. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, म्हणजे जेएनयू, तिथलं स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन आणि लॅटिन अमेरिकन अभ्यास केंद्र. तिथे बी.ए.पासून पीएच.डी.पर्यंत एकाच छताखाली शिकता येतं आणि शिकवणीची फी अगदीच कमी आहे. खरा खर्च राहण्याखाण्याचा. दुसरं दिल्ली विद्यापीठ, जिथे स्पॅनिश जर्मॅनिक आणि रोमान्स भाषा विभागात येतं. तिसरं जामिया मिलिया इस्लामिया. दक्षिणेला हैदराबादचं इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ, ज्याला सगळे इफ्लू म्हणतात. उत्तराखंडात डेहराडूनचं दून विद्यापीठ.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथले अर्धवेळ सर्टिफिकेट आणि डिप्लोमा अभ्यासक्रम दुसरी पदवी करता करता पूर्ण करता येतात. इंजिनिअरिंग किंवा कॉमर्ससाठी पुण्याला चाललेल्यांनी ही वाट जरूर धरावी. पण स्पॅनिश हेच आयुष्याचं काम करायचं असेल तर पूर्ण पदवीच घ्या.

माझा कल जेएनयूकडे आहे, हे लपवत नाही. लहान गावातून आलेल्या मुलांना तिथे एकटं वाटत नाही, कारण देशभरातून तशीच मुलं आलेली असतात. जळगाव-भुसावळकरांना दिल्ली तशी दूर नाही. कर्नाटक एक्सप्रेस, गोवा एक्सप्रेस याच मार्गाने जातात. नंदुरबारच्या मुलांना सुरत गाठून पुढे जाणं सोयीचं पडतं.

चौथी पायरी : परीक्षा आणि कागदपत्रं

केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा आहे. भाषांच्या पदवीसाठी इंग्रजी आणि जनरल टेस्ट (आता तिचं नाव जनरल अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट) या दोन पेपरांची तयारी महत्त्वाची. जनरल टेस्ट मराठीतून देता येते. ज्या वर्षी अर्ज करणार त्या वर्षीचं माहितीपत्रक काढून, आपल्या अभ्यासक्रमापुढे कोणते पेपर लिहिलेत ते बघूनच विषय निवडा. मित्राने काय निवडलं त्यावर जाऊ नका.

फार मोठी चूक होते ती पुढे. सीयूईटी दिली, गुण आले, आता बोलावणं येईल म्हणून मुलं वाट बघत बसतात. बोलावणं येत नाही. निकालानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते, वेगळे शुल्क भरावे लागते, आणि भाषांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. पसंतीक्रमात स्पॅनिश पहिलं टाका, पण त्याखालीही विचार करून भाषा लिहा. रिकामं ठेवू नका.

आता दाखले. इथे माझ्यावर काय बेतलं ते सांगते. माझ्याकडे नॉन-क्रिमीलेअरचा दाखला होता, व्यवस्थित, शिक्क्यानिशी. पण तो राज्याच्या नमुन्यात होता. केंद्रीय विद्यापीठाला केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि तोही त्या आर्थिक वर्षातला. पडताळणीच्या टेबलावर मला हे कळलं तेव्हा मी गावापासून हजार किलोमीटरवर होते. पहिल्या फेरीतली जागा गेली. आप्पांनी गावाकडे तहसीलच्या सहा चकरा मारल्या, दाखला काढला, आणि दुसऱ्या फेरीत कसाबसा प्रवेश झाला. आप्पा त्या आठवड्यात कापसाची लावणी सोडून तहसीलच्या पायरीवर बसले होते, हे मी विसरू शकत नाही. म्हणून एप्रिल उजाडला की सेतू केंद्रात जाऊन "केंद्र सरकारच्या नोकरी-शिक्षणासाठीचा नमुना" असं स्पष्ट सांगून अर्ज करा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्यालाही हेच लागू. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी बघा. राज्याची यादी आणि केंद्राची यादी नेहमी सारखी नसते.

स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, बोर्डाकडून मिळतं. आपल्या तिन्ही जिल्ह्यांचं विभागीय मंडळ नाशिकला आहे. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार. सगळ्यांच्या मूळ प्रती आणि पाच-पाच झेरॉक्स. नाव सगळीकडे सारखं आहे ना, हे आजच तपासा. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे आडनाव आधी, कुठे एखादं अक्षर वेगळं. हे दुरुस्त करायला महिने जातात.

पाचवी पायरी : पहिलं सत्र

वर्गात काही मुलं शाळेपासून स्पॅनिश किंवा फ्रेंच शिकलेली असतात. पहिले दोन महिने ती पुढे दिसतील. दिवाळीनंतर सगळे एका रेषेत येतात. तोपर्यंत तग धरायचा, बस.

रोज वर्गात निदान एकदा तोंड उघडा. चुकीचं बोला, पण बोला. आपल्याकडची मुलं पूर्ण वाक्य मनात जुळवेपर्यंत गप्प बसतात आणि तोवर प्रश्न पुढे गेलेला असतो. क्रियापदांची रूपं घोकावी लागतात, त्याला पर्याय नाही. लहानपणी पाढे म्हटले तसे मोठ्याने म्हणा. आणि तिन्ही रकान्यांची वही बंद करू नका.

वडीलधाऱ्यांशी बोलताना 'तू' की 'तुम्ही' हा प्रश्न तिथेही आहे, 'तू' आणि 'उस्तेद'. (पहिला शब्द ऐकायलाही आपलाच.) स्पेनमध्ये आज शिक्षकालाही बहुतेकदा 'तू' म्हणतात. उलट कोलंबियाच्या काही भागांत जिवलग मित्रालाही 'उस्तेद'. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस'. वर्गात कुठली पद्धत चालते ते शिक्षकांना पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

सहावी पायरी : संस्कृतीचा अभ्यास जेवणाच्या ताटापासून

भाषेचे पेपर नीट देऊन संस्कृतीचे पेपर गाइडवर काढणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांची स्पॅनिश तिसऱ्या वर्षी कोरडी पडते. संस्कृतीचा विषय मोठा आहे हे खरं, पण त्यात शिरायचं दार आपल्या घरात आहे.

पहिल्या वर्षी मी रोज रात्री आईला फोन करून त्या दिवशीचा एक शब्द सांगायचे. एकदा सांगितलं, वांग्याला 'बेरेन्खेना' म्हणतात. आई भरिताची वांगी भाजत होती. आपल्याकडच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तीच जातीची हिरवी, लांबट, जवळजवळ बिनबियांची वांगी. हा 'बेरेन्खेना' शब्द मुळात आपल्याकडूनच निघालेला. संस्कृत 'वातिंगण', त्याचा फारसी-अरबी 'बादिंजान', आणि अरबांबरोबर तो स्पेनला पोचला. साखरेचंही तसंच. 'शर्करा'ची अरबीत 'सुक्कर' झाली, स्पॅनिशमध्ये 'असूकार'. 'नारंग'चं 'नारान्खा'. 'चतुरंग'चं 'आखेद्रेस', म्हणजे बुद्धिबळ. कापसाला ते 'आल्गोदोन' म्हणतात, हा शब्दही अरबीच.

का? कारण ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कमीअधिक भागावर मुस्लिम राजवटी होत्या. त्या प्रदेशाचं नाव अल-अंदालुस. ग्रानादाचा अल्हाम्ब्रा राजवाडा त्याच काळातला. आपण थाळनेर आणि अशीरगडचे फारुकी सुलतान इतिहासात शिकतो, ज्यांचं खान्देशातलं राज्य अकबराने १६०१ साली संपवलं. ज्याने थाळनेरचे हजिरे, म्हणजे फारुकींच्या कबरी, पाहिलेत त्याला अल-अंदालुस परकं वाटायचं कारण नाही. वेगवेगळ्या धर्मांची माणसं शेजारी राहिली की शब्द, भाज्या, कारागिरी एकमेकांच्या घरात कशी जाते, हा विषय आपल्या ओळखीचा आहे.

तर वांग्याचं ऐकून आईने विचारलं, "मंग मिरचीले काय म्हनतस?" मला नीट सांगता आलं नाही, कारण शब्द दोन होते. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात बसले. मिरची मूळची अमेरिकेतली. मेक्सिकोत तिला 'चिले' म्हणतात, हा तिथल्या नाहुआत्ल या आदिवासी भाषेतला शब्द. 'तोमाते'ही त्याच भाषेतून आलेला. पण स्पेनच्या लोकांनी ही नवी तिखट वस्तू पाहिली तेव्हा त्यांना काळी मिरी आठवली. मिरीला त्यांचा शब्द 'पिमिएन्ता', म्हणून मिरचीजातीच्या फळाला त्यांनी 'पिमिएन्तो' म्हटलं. आणि आपण काय केलं? 'मरीच' म्हणजे मिरी, त्यावरून मिरची. दोन समाज, हजारो मैलांच्या अंतरावर, एकाच नव्या फळाला एकाच पद्धतीने नाव देतात. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर लाल गालिचा अंथरलेला असतो तो पाहताना, ही वनस्पती पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे आली हे आठवून बघा. पोर्तुगीज स्पॅनिशची सख्खी शेजारीण, आणि तिचे पगार, पाव, परात, मेस्त्री हे शब्द आपण रोज बोलतो. स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणे. पहिल्या सत्राचा माझा निबंध या मिरचीवर होता. विषय आईचा.

केळ्याचा शब्द देशागणिक बदलतो. स्पेनमध्ये प्लातानो, कोलंबियात बानानो, वेनेझुएलात कांबुर, इक्वेडोर आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये गिनेओ. आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी प्लातानो म्हणजे तळून-उकडून खायचं मोठं केळं. जगात सगळ्यात जास्त केळी निर्यात करणारा देश इक्वेडोर. रावेर-यावलच्या मुलांनी तिथल्या बागांचा, मजुरांचा, बंदरांचा अभ्यास प्रकल्पासाठी घ्यावा असं मला मनापासून वाटतं. केळीचा घड कसा उतरवतात हे ज्याला माहीत आहे तो त्या प्रकल्पात वेगळेच प्रश्न विचारेल.

साक्री, नवापूर, अक्कलकुवा, धडगावच्या मुलांनी पॅराग्वेकडे जरूर बघावं. तिथे ग्वारानी ही आदिवासी भाषा १९९२ च्या राज्यघटनेनुसार स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा आहे, आणि आदिवासी नसलेली माणसंही ती घरात, बाजारात बोलतात. खुद्द स्पेनमध्ये कातालान, गालिसियन, बास्क या भाषांना त्यांच्या त्यांच्या प्रदेशात अधिकृत दर्जा आहे. फ्रांकोच्या हुकूमशाहीत, १९३९ ते १९७५, त्यांना दाबलं गेलं होतं. १९७८ च्या घटनेनंतर त्या शाळेत परतल्या. बोलीभाषेत वाढलेला विद्यार्थी हे प्रकरण पाठ करत नाही, त्याला ते कळतं.

आणि एक नाव लक्षात ठेवा, पांडुरंग खानखोजे. वर्ध्यात जन्मले, ब्रिटिशांविरुद्धच्या गदर चळवळीत गेले, आणि पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ झाले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. एक मराठी माणूस स्पॅनिशमधून मेक्सिकोच्या शेतकऱ्यांना शिकवत होता, शंभर वर्षांपूर्वी. घरी कुणी "ही कुठली भाषा काढली" म्हणालं तर हे सांगा.

सातवी पायरी : परीक्षा, परदेश

डेले ही स्पेन सरकारची परीक्षा. तिचे सहा स्तर आहेत आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. सिएले ही दुसरी स्पॅनिश परीक्षा संगणकावर होते, निकाल लवकर लागतो, पण गुण पाचच वर्षं ग्राह्य. भारतात यांचं मुख्य ठिकाण दिल्लीतलं इन्स्तित्युतो सेर्बान्तेस, म्हणजे स्पेन सरकारची भाषा-संस्था. दुसऱ्या वर्षाअखेर मधला स्तर द्यावा, त्याआधी पैसे घालवू नका. स्पेनला शिकायला जायचं असेल तर हे माहीत असू द्या की तिथली पदवी चार वर्षांची आणि २४० क्रेडिटांची असते, गुण दहापैकी देतात आणि पाचला पास. नव्वद टक्क्यांच्या सवयीने सातला रडू नका, सात तिथे चांगले.

आठवी पायरी : परत आल्यावर

शिकवणं, भाषांतर, पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांची कामं, हे सगळ्यांना माहीत असतं. मला खान्देशातल्या कामांबद्दल सांगायचंय. ठिबक सिंचन हा जळगावचा धंदा, आणि 'रिएगो पोर गोतेओ' या नावाने तो मेक्सिकोपासून चिलीपर्यंत चालतो. माहितीपत्रकं, करार, शेतकऱ्यांसाठीच्या सूचना, यांचं भाषांतर शेती कळणारा माणूसच नीट करतो. व्हॉल्व्ह, लॅटरल, फिल्टर, हे शब्द तुम्ही शेतात उभं राहून शिकलेले असता. त्यांची स्पॅनिश यादी पदवी संपायच्या आत तयार ठेवा.

दुसरं काम अजिंठा. जळगावपासून साठेक किलोमीटरवर जगभरातून माणसं येतात, त्यांत स्पॅनिश बोलणारेही. पदवीच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत घरी आलात की फर्दापूरच्या टी पॉइंटहून बस धरून लेण्यांत जा. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आणि सव्विसाव्यातलं बुद्धाचं महापरिनिर्वाण, दोन्हींसमोर बसून प्रत्येकी दहा वाक्यं स्पॅनिशमध्ये लिहा. डोळे, बोटं, कमळ, मुकुट, झोपलेल्या बुद्धाच्या डोक्याखालची उशी. कुठला शब्द अडला तो तिसऱ्या रकान्यात घरच्या बोलीत टिपा आणि संध्याकाळी शोधा. दुपारी आत अंधार वाटतो, म्हणून सकाळी लवकर पोचा, आणि सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.